जामसिंग सरांचा मे महिना

मागच्या पंधरवड्यात आमचं एक प्रशिक्षण झालं. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, ‘जिज्ञासेतून शिक्षण’. त्याखाली चार रंगांचे चार बाण. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई बिचाऱ्या गोड होत्या. मला त्यांचा राग यायचं काही कारण नव्हतं, पण आला. त्या म्हणाल्या, “मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करा, यंत्र नंतर हातात द्या. असं करणारा एखादा शिक्षक तुमच्यापैकी कोणी पाहिलाय?” हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, कारण मी आधी कुठे नोकरी केली हे त्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली आणि वहीच्या समासात चौकोन काढत बसले.

पाहिलाय की. दोन उन्हाळे रोज पाहिलाय. घरी येऊन भाजी चिरायला बसले तर हात चालेना, म्हणून हे लिहायला घेतलं. माझं मराठी चांगलं आहे असं लोक म्हणतात. त्या चांगल्या मराठीनं काय केलं तेही यात येईलच.

जामसिंग पावरा हे आमच्या आश्रमशाळेतले संगणक शिक्षक. कंत्राटी. शाळा धडगावच्या पुढे, दोन डोंगर ओलांडून. जीप जिथे सोडते तिथून अर्धा तास चाल. मी तळोद्याची, म्हणजे सपाटीवरची बाई. कायम नोकरीत लागले आणि पहिलीच नेमणूक डोंगरात मिळाली, त्यामुळे मी तिथे पाऊल टाकलं तेच तोंड वाकडं करून. जामसिंग सर तिथलेच, जवळच्या एका पाड्यातले. पस्तिशीचे असतील. अंगानं किडकिडीत. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. खिशात पेन नाही, एक चपटा पेचकस आणि एक जुना दात घासायचा ब्रश. मी पहिल्या दिवशी विचारलं, “सर, हे काय, शाळेत येऊन दात घासता का?” तर म्हणाले, “यंत्रांचे घासतो, मॅडम.” आणि हसले नाहीत. विनोद करून स्वतः न हसणारी माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत.

खुर्चीवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. जमिनीवर उकिडवे बसायचे, मुलांच्या घोळक्यात, बिनदुधाचा काळा चहा पीत. ते बोलायला लागले की वाटायचं, हे वाक्य आता संपतं की नाही. मला घाई फार. मी त्यांची वाक्यं पुरी करून टाकायचे आणि ते मान हलवायचे, “असंही असेल.”

आता मे महिन्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंगरातली माणसं होळीला हमखास घरी येतात. होळी झाली की पुन्हा गुजरातेत, बांधकामावर नाहीतर मिळेल त्या मजुरीवर, ती पाऊस लागेपर्यंत. शाळा चालू असते तोवर पोरं वसतिगृहात असतात. मे लागला, वसतिगृहाला कुलूप लागलं, की ती जाणार कुठे? आईबापांच्या मागे साइटवर. मुलगी असली तर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उन्हात. आणि एकदा गेलेली पोरगी जूनमध्ये परत येईलच याचा काही नेम नाही. म्हणून जामसिंग सरांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून, वरच्या कार्यालयात खेटे घालून उन्हाळी शिबिर मंजूर करून घेतलं. शिबिर म्हणजे काय, तर महिनाभर वसतिगृह उघडं, जेवण चालू, आणि शिकवायला कुठल्याशा कंपनीनं दिलेले बारा टॅब. त्या बारा टॅबमुळे मंजुरी मिळाली होती. टॅब आहेत तोवर शिबिर, शिबिर आहे तोवर वसतिगृह उघडं. हे सरांना पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही.

मुली राहणार म्हणून एक बाई हवी. कायम नोकरीतली बाई मी एकटी. झालं! माझी सुट्टी गेली. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, तळोद्याला सासूबाईंकडे. त्या फोनवर म्हणाल्या, “सुट्टीम्हा बी शाळा? हाई कसानी नोकरी शे वं माय!” मला त्यांच्याशी कधी नव्हे ते एकमत असल्यासारखं वाटलं.

टॅबसोबत एक पुस्तिका आली होती. दिवसाला दोन धडे, प्रत्येक धड्यापुढे चौकट, झाला की खूण करायची. टॅबमधली बाई अगदी स्वच्छ मराठीत बोलायची. मुलं घरी पावरी बोलणारी. दोन दिवस ती निमूट ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी रमिला नावाच्या दहा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. बारकी, केस कायम तेलानं चप्प बसवलेले, एका कानात काळा दोरा. म्हणाली, “सर, ही बाई कुठे बसते?”

मुलं हसली. मीही हसले. सरांनी खिशातून पेचकस काढला, चांगल्या चालू टॅबची पाठ खटकन उघडली आणि तिच्यापुढे ठेवली. “शोध.”

“अहो सर!” मी ओरडलेच. “वॉरंटी जाईल ना! सही माझी आहे त्याच्यावर!”

“तिनं विचारलंय ना मॅडम,” एवढंच.

सगळी डोकी त्या टॅबवर वाकली. कोणीतरी आवाज मोठा केला. रमिलानं बोट फिरवत फिरवत एका नखाएवढ्या चकतीवर आणून थांबवलं. “इथे थरथरतं.” मग त्यावर कागदाचे कपटे टाकून झाले, राजगिऱ्याचे दाणे टाकून झाले, ते उड्या मारतात हे बघून झालं. मग आपल्या घशावर हात ठेवून बोलून बघणं, ढोलावर दाणे टाकून बघणं. दुपारच्या जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना. पुस्तिकेत त्या दिवशीच्या दोन्ही चौकटी कोऱ्या राहिल्या. टॅब त्यांनी परत बंद केला आणि तो चालला, हे मान्य करते. पण संध्याकाळी मी तो दोनदा चालू करून बघितला.

सरांची एक पद्धत होती. पोरानं काही विचारलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. “हे कोणाला माहीत असेल?” असं उलट विचारायचे, आणि पोरांनी माणसाचं नाव घेतलेलं त्यांना चालायचं नाही. झाडाबद्दल असेल तर झाडाला विचारा, दगडाबद्दल असेल तर दगडाला. “मग टॅब कशाला?” मी एकदा खवचटपणे म्हटलं. म्हणाले, “दगडाला आपली भाषा येत नाही मॅडम. मधे कोणीतरी लागतं.” मला वाटलं, काय हे, बाबाबुवांसारखं बोलणं!

त्याच वर्षी कोंबडीचं झालं. आमच्या स्वयंपाकीण रूपली मावशी, त्यांची एक लाल कोंबडी शाळेच्या लाकडांच्या खोलीत अंड्यांवर बसली. अकरा अंडी. कोणीतरी विचारलं, कोंबडीच्या पोटाखाली किती गरम असतं? “कोणाला माहीत असेल?” “कोंबडीला!” सगळे एका सुरात. सरांकडे गरमी मोजणारी एक तार होती, ती टॅबला जोडता यायची. तार हळूच अंड्यांच्या मधे सरकवली. दर दहा मिनिटांनी टॅबवर एक ठिपका. ठिपक्याला ठिपका जोडून रेघ.

कोंबडीनं पहिल्या दिवशी तार टोचून तोडली. रूपली मावशींनी सरांना अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या मला समजल्या नाहीत हे बरंच झालं. सर ऐकून घेत खाली मान घालून तार जोडत बसले. दुसऱ्या दिवशी ती राखी रंगाच्या चिंधीत गुंडाळून ठेवली, तेव्हा कोंबडीनं ती ठेवून घेतली. चौथ्या दिवशी पोरांना दिसलं, रेघ रोज दोनदा खाली येते. मग पाळत ठेवली. कोंबडी दाणे टिपायला उठते तेव्हा! किती वेळ उठते, ऊन असलं की जास्त वेळ उठते का, हे सगळं भिंतीवर कोळशानं लिहायला लागली पोरं. मोजायला शिका म्हणून मी वर्षभर ज्यांच्या मागे लागले होते, ती ही पोरं. मला आनंद व्हायला हवा होता. मला माझा अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्यातच वरून फोन आला, किती धडे पूर्ण झाले? सरांनी फोन घेतला आणि खरं ते सांगून टाकलं, “एक कोंबडी चालू आहे.” मी तो हातातून ओढून घेतला आणि म्हटलं, “चौदा धडे, साहेब.” नंतर सर एवढंच म्हणाले, “उगाच खोटं बोलावं लागलं तुम्हाला.” रागावून नाही, खरंच वाईट वाटून. अशा माणसाचं करायचं काय, सांगा! अकरापैकी नऊ पिल्लं निघाली. रमिलानं दोन न फुटलेली अंडी उन्हात धरून बराच वेळ पाहिली आणि मग मावशींच्या परवानगीनं पुरली.

दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात रमिलाचा बाप आला. नानसिंग त्याचं नाव. मुलीला न्यायला. व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, “सर, पोरगी घेऊन जातो. बायको कामाला जाते, बारक्याला धरायला कोणी नाही.” रमिला आतून ऐकत होती. रडली नाही. आपली पिशवी भरायला लागली. या मुली असं काही झालं की रडत नाहीत, पिशवी भरतात.

मला वाटलं, आता सर शिक्षणाचं महत्त्व सांगतील. मी असते तर सांगितलं असतं, ते मला तोंडपाठ आहे. सरांनी मावशींना चहा टाकायला सांगितला, नानसिंगला जमिनीवर आपल्या शेजारी बसवलं आणि रमिलाला म्हणाले, “बापाला घर दाखव.” पोरांनी आदल्या दिवशी टेकडीवर जाऊन, जिथे कधीमधी इंटरनेट चालतं तिथून, सगळ्या डोंगराचा आकाशातून काढलेला नकाशा टॅबमध्ये उतरवून आणला होता. रमिलानं बोटानं सरकवत नेलं. शाळा, नदी, पायवाट, मग एक चौकोनी ठिपका. “हे आपलं.”

नानसिंगनं टॅब दोन्ही हातांनी धरला. कितीतरी वेळ बघत राहिला. चहावर साय यायला त्यात दूधच नव्हतं, नाहीतर आली असती. मग म्हणाला, “आंबा माझाच आहे. पण कूड कुठे?” त्यानं घराभोवती काट्याचं कुंपण घातलं होतं, ते चित्रात नव्हतं.

“म्हणजे फोटो जुना आहे,” रमिला म्हणाली.

“किती जुना?” सरांनी विचारलं. कोणाला, ते सांगितलं नाही.

आणि तो माणूस कामाला लागला की हो! भावाची झोपडी चित्रात होती, म्हणजे भावाच्या लग्नानंतरचा. पलीकडचं मोहाचं झाड वाऱ्यानं पडलं होतं, पण चित्रात उभं होतं, म्हणजे त्याच्या आधीचा. शेतात हिरवं दिसत होतं. “ही ज्वारी. कापणीच्या आधीची.” बोटं मोजत, रमिलाशी वाद घालत त्यानं फोटोचं साल काढलं, महिनासुद्धा. वर टॅबला म्हणाला, “तुला नाही माहीत, मला आहे.” उन्हं कलायला लागली तेव्हा उठला. रमिलाच्या भरलेल्या पिशवीकडे बघितलं आणि सरांना म्हणाला, “पाऊस लागला की येतो. तोवर ठेव.”

मी तिथेच होते. रमिलाची पिशवी आत न्यायला मी पुढेही झाले होते. लगेच मी स्वतःला बजावलं की आता माझं पोरगंही आईशिवाय आहे, त्याचं कोणी बघत नाही. मग पिशवीला हात न लावता मागे फिरले.

आता राखेचं.

पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात तीन टॅब ओल लागून बिघडले होते. डोंगरात चार महिने सगळं ओलं असतं, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ते तीन सरांनी कसेबसे जिवंत केले होते. म्हणून दुसऱ्या शिबिराच्या शेवटच्या पंधरवड्यात त्यांनी पोरांपुढे प्रश्न टाकला, “ह्यांना पाऊसभर जपायचं कसं?” पोरांना उत्तर शोधावं लागलंच नाही. ज्यांच्या घरी वर्षाचं बी राखेत घोळून डब्यात ठेवतात त्यांना दुसरं काय सुचणार? राख ओल खाते, किडा लागू देत नाही. आईचं बी राहतं ना कोरडं? मग टॅब पण राहील.

दुसऱ्या कोणत्याही गावातली पोरं हे म्हणाली नसती, आणि दुसरा कोणताही मास्तर ‘गप बसा’ म्हणाला असता. सर म्हणाले, “करून बघू.” दोन जुन्या टॉर्च घेतल्या. एक राखेच्या डब्यात, एक नुसत्या डब्यात. पाऊस आणायचा कुठून? तर दोन्हींवर ओली गोणपाटं, आठ दिवस, दिवसातून तीनदा पाणी. उघडल्यावर नुसत्या डब्यातली पेटेना, सेलच्या टोकावर हिरवट गंज. राखेतली झटक्यात पेटली. काय जल्लोष केला पोरांनी! सरांनी राखेतली टॉर्च हातात फिरवली, तिच्या फटीतून राख झटकली आणि बजावलं, “टॅबला खाली भोकं आहेत. आधी कापडात घट्ट गुंडाळायचं, मग राख.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

शेवटच्या दिवशी सरांना सकाळपासून हुडहुडी भरली. दुपारी ते धडगावच्या दवाखान्यात गेले. जाताना मला म्हणाले, “मॅडम, तेवढं कापडाचं बघा.” मी हो म्हटलं. दोनची जीप चुकली तर तळोद्याला जायला दुसरा दिवस उजाडणार होता. माझं सामान बांधून तयार होतं. पोरं राख चाळून बसली होती आणि रूपली मावशी जुनं लुगडं शोधत होत्या, ते सापडेना. रमिला धावत आली, “मॅडम, कापड नाही. मावशी म्हणते पाड्यावरून आणते. थांबायचं का?”

मी पायात चप्पल घालत होते. म्हटलं, “ठेवा गं तशीच. काही होत नाही.”

ती एक क्षण उभी राहिली. मग गेली. मॅडमनी सांगितलं म्हटल्यावर पोरांनी बाराही टॅब तसेच राखेत ठेवले, डब्याचं झाकण शेणमातीनं लिंपलं. मी दोनची जीप पकडली.

सरांना त्या तापातून उठायला महिना गेला. पाऊसभर डबा लिंपलेलाच होता, आणि तो उघडायचा दिवाळीनंतरच हे पोरांशी ठरलेलं. तो उघडला गेला दिवाळीनंतर, पण तपासणीला आलेल्या साहेबांसमोर. पोरांनी मोठ्या अभिमानानं झाकण फोडलं. साहेबांनी हात घातला आणि राखेत बरबटलेला टॅब बाहेर काढला. “हे काय आहे?” बारीक राख प्रत्येक भोकात गच्च बसलेली. एकही चार्ज होईना. साहेबांनी फोटो काढले. विचारलं, “हे कोणी केलं?”

रमिला माझ्याकडे बघत होती. सर पुढे झाले. “शिबिर माझं, साहेब. राखेत ठेवायचं मीच सांगितलं होतं.”

“आणि कापड?” असं मी म्हणू शकले असते. तो एक शब्द माझ्या तोंडात होता. मी तो गिळला. मला त्या वेळी भीतीसुद्धा वाटली नाही, खरं सांगते. काहीच वाटलं नाही. बघ्यांच्या गर्दीत उभं असल्यासारखी मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “अहवाल तुम्ही लिहा मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे.” लिहिला. ‘शिबिरप्रमुखांच्या सूचनेनुसार सर्व टॅब राखेत ठेवण्यात आले होते. तपासणीच्या दिवशी बारापैकी एकही टॅब सुरू होऊ शकला नाही. नेमून दिलेले धडे अपूर्ण आढळले.’ एक पान. माझं अक्षरही चांगलं आहे. लिहिताना मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं, उगाच कशाला नाकारू, की हे वर गेलं तर पुढच्या मे महिन्यात मी घरी असेन.

अहवाल गेला त्या दिवशी सर लाकडांच्या खोलीत बसून खिशातल्या ब्रशनं टॅबची भोकं साफ करत होते. चार दिवस करत होते. बारापैकी आठ सुरू झाले. मी ते वर कळवलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

वर्ष संपता संपता दोन कागद आले. एक, यंदा उन्हाळी शिबिर नाही. दुसरा, संगणक शिक्षकाच्या कंत्राटाला मुदतवाढ नाही. सरांनी दोन्ही वाचले, घडी घालून दिले. सुरू झालेले आठ टॅब पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवले, किल्ली माझ्याकडे दिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. “येतो मॅडम,” म्हणाले. त्या आठवड्यात मी रोज भरपूर झोपले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, धडगावच्या जीपस्टँडवर. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन तापलेलं. मी सुट्टीला घरी निघाले होते. जीपच्या टपावर कामाला निघालेल्या लोकांची बोचकी, भांडी, घमेली चढत होती. वर चढून ती बांधणारा माणूस खाली वाकला आणि माझ्या बॅगेसाठी हात पुढे केला. “द्या मॅडम.” पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिसा रिकामा.

“सर? तुम्ही कुठे?”

“यांच्याबरोबर. सळई बांधायचं काम आहे.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “तिथे पोरं असतील ना बरीच? शिकवाल त्यांना.”

त्यांनी दोरीला गाठ मारली, ओढून बघितली. “दिवसभर काम असतं, मॅडम.”

मग माझ्यानं राहवलं नाही. इतके महिने जे बोलले नाही ते भर स्टँडवर, मान वर करून, टपावरच्या माणसाशी बोलले. “सर, तो अहवाल मी लिहिला होता.”

“माहीत आहे. अक्षर ओळखलं.” ते थांबले. त्यांची वाक्यं पुरी करायची माझी सवय, पण हे मला करता येईना. “त्यात काही खोटं नव्हतं,” ते म्हणाले, आणि पुढचं बोचकं घ्यायला वळले.

मॅडम म्हणून मला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मागे नानसिंग, त्याची बायको, आणि रमिला. आता बारा वर्षांची. मांडीवर भाऊ. तिनं मला बघितलं, नमस्ते मॅडम म्हणाली, शाळेत म्हणायची तसंच, आणि पोराच्या डोक्यावर ओढणी धरून बसली. सर मागच्या फळीवर उभे राहिले. चांदसैलीचा घाट उतरेपर्यंत मी एकदाही मागे पाहिलं नाही. आरशात मात्र त्यांचा शर्टातला हात दिसत होता, दांडी धरलेला. घाट संपला तेव्हा मी आरशात बघणंही सोडलं.

तळोद्याला मी उतरले. सरांनी टपावर चढून माझी बॅग काढून दिली. जीप अक्कलकुव्याकडे, तिथून खापरमार्गे गुजरातेत जाणार होती. ती वळणावर दिसेनाशी झाली. उन्हात थांबण्यात अर्थ नव्हता, मी रिक्षा केली.

त्या जूनमध्ये रमिला शाळेत आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असं मीच लिहिलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सरांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. मला अजून एकदाही रडू आलेलं नाही, आणि माझा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

जीपमधून उतरून त्या दिवशी घरी पोचले तर पोरगं येऊन पायाला बिलगलं. सासूबाई म्हणाल्या, “हात-पाय धुई ले, बस जेवाले.” त्यांनी आमरस केला होता. मी दोन वाट्या घेतल्या. गोड होता. त्यांनी तिसरी वाढली, तीही मी संपवली.